आरसा धरणारी

फहाहीलच्या मॉलमध्ये, सरकत्या जिन्यासमोर माझं काउंटर.
एक डबी बारा खणांची, एक चोवीस खणांची,
आणि एक नुसती चार खणांची, जी कुणी घेत नाही:
विटकरी, राख, शेवाळ,
आणि चौथा एक, ज्याचं नाव कंपनीने काहीतरी फ्रेंच ठेवलंय.
मी त्याला करपलेला गूळ म्हणते.

डबीत बघून रंग कळत नसतो.
मनगटाच्या आतल्या बाजूला लावायचा, शिरेवर,
मग हात लांब धरून डोळे बारीक करायचे,
पापलेटचे कल्ले बघतो तसे.

कालचा भाग पाहिलात?
वेढा पडलाय. गडावर चार दिवस पाणी नाही.
आणि सरदारीणबाई तटावर येतात त्या
पापण्यांवर सोनेरी चमक, कोपऱ्यात तपकिरी,
इतका सुरेख मिसळलेला
की एक कुठे संपला, दुसरा कुठे लागला, कळू नये.
जुलेखा म्हणाली, "प्यायला पाणी नाय,
पण मेकअपवर मारायचा स्प्रे हाय."
आम्ही एकाच पलंगावर, मधे शेंगदाण्यांची वाटी.
हसण्याच्या नादात निरोपाचा प्रसंग हुकला.

तशी वाईट नाही हां मालिका.
घोडे मात्र दर लढाईत तेच पाच,
त्यातला पांढऱ्या पायाचा दोन्ही बाजूंनी लढतो.
वाक्य संपलं की सगळे टाळीसाठी थांबतात.
म्हातारा किल्लेदार झकास. तो नुसती सुपारी कातरतो
आणि आपल्याला कळतं, हा फितूर झाला.
पाचपैकी तीन.
बरं, साडेतीन. सुपारीचा अर्धा.

दुपारी उम्म मिशारी आल्या, भाचीच्या लग्नासाठी.
"जांभळा नको, जांभळ्यात मी आजारी दिसते."
त्यांचं मोडकं हिंदी, माझं त्याहून मोडकं अरबी,
त्यात मी त्यांना वेढा सांगितला, पाणी सांगितलं, पापण्या दाखवल्या.
त्या काउंटरवर हात आपटून हसल्या.
म्हणाल्या, आमच्याकडेही रमजानात एक लागली होती,
मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांची.
नावा परतलेल्या नाहीत, घरातला खजूर संपलाय,
आणि आईचे ओठ?
त्यांनी स्वतःचे ओठ फुगवून दाखवले. हे असे.
मग थोडं थांबून म्हणाल्या,
माझी आजी तसल्याच घरातली.
तिच्याकडे सुरम्याची एक कांडी होती. बस.

मला वाटलं, आता चार खणांची घेतील.
त्यांनी चोवीस खणांची घेतली.
चकचकीत. दोन डब्या.

एक सांगायचं राहिलं.
त्या मालिकेत एक दासी आहे, नाव नसलेली.
बाईंपुढे आरसा धरते, दुसरं काही करत नाही.
तिला मेकअप नाही. म्हणजे आहे,
मेकअप नसल्याचा मेकअप; मला कळतो तो,
पाऊण तास लागतो त्याला.
काल बाई कुंकू रेखत असताना
तिने आरसा जरासा स्वतःकडे कलवला.
पापणी लवेल एवढाच वेळ.
चुकून झालं असेल. दिग्दर्शकाच्या लक्षात आलं नसेल.
जुलेखाच्याही नाही आलं, ती शेंगदाणे सोलत होती.

रात्री दहाला दिवे अर्धे होतात.
गिऱ्हाइकांपुढे धरून धरून
उजवा खांदा ठणकत असतो.
मी गोल आरसा उलटा फिरवला,
नमुन्याच्या डबीत बोट बुडवलं
आणि डाव्या पापणीवर करपलेला गूळ ओढला.
तेवढ्यात खालून व्हॅनचा भोंगा.

व्हॅनमध्ये सगळ्या पेंगत होत्या.
जुलेखाने एकदाच वळून पाहिलं.
"आणि दुसरा डोळा?"

म्हटलं, पुढच्या भागात.